सळईचा रकाना

विलास,

तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावायच्या आधी मी तुझा फोल्डर उघडला. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं पडेल.

झालं असं, की परवा तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तुला जाऊन बारा दिवस झाले होते. हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसले होते, वंदना सुरू व्हायची होती, आणि तेवढ्यात संध्यावहिनींनी मला खुणेने गॅरेजमध्ये बोलावलं. तिजोरीची किल्ली माझ्या हातात दिली.

"मंदारभाऊ, ते सप्रेसर आणि त्याचे कागद आजच घेऊन जा. मला त्यातलं काही कळत नाही. कुणाच्या हाती लागलं तर उगाच कायद्याची भानगड व्हायची."

वहिनींचं बरोबर होतं. तुला सांगायला नको, पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे जे लोक वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. सप्रेसर म्हणजे रायफलीच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायची वीतभर लांबीची दुसरी नळी. तिच्यात पातळ वाट्यांसारखे तुकडे एकामागे एक बसवलेले असतात आणि प्रत्येकाला मधोमध भोक असतं. गोळी त्या भोकांतून निघून जाते, तिच्यामागचा गरम वायू वाट्यांत अडखळत, निवत बाहेर पडतो आणि आवाज उतरतो. सिनेमातल्यासारखं फुस्स होत नाही, कानांवर मफ्स घालावेच लागतात. इथे वॉशिंग्टन राज्यात तो बाळगता येतो, पण बोटांचे ठसे, फोटो, सरकारी फॉर्म, मग कित्येक महिने वाट बघणं, एवढं सगळं केल्यावरच, आणि कागदावर ज्याचं नाव आहे त्यानेच. म्हणून आपण दोघांनी मिळून एक ट्रस्ट केला होता. त्यात तुझं नाव आणि माझं नाव. एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्याने तो कायद्याने सांभाळावा, एवढ्यासाठी.

तर मी फोल्डर उघडला तो माझं नाव अजून त्यात आहे की तू ते काढून टाकलंस, हे बघायला. आत तुझ्या नावाने वंदना सुरू झाली होती आणि मी गॅरेजमध्ये उभा राहून पानं उलटत होतो. नाव होतं. जसंच्या तसं, तुझ्या खाली. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं, का ठेवलं असेल यानं?

मी असाच आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा. कुणी गोड बोललं की याला आपल्याकडून काय हवंय, हा पहिला विचार. बॉथेलच्या ऑफिसात तू पहिल्यांदा भेटलास, तेव्हा कॉफी मशीनपाशी मराठी ऐकून मी खूश झालो आणि पाचव्या मिनिटाला तुला आडनाव विचारलं. तू हसून म्हणालास, "पहिलं नाव पुरत नाही का?" मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. तो प्रश्न तुला आयुष्यभर कोण कोण, कशासाठी विचारत आलं होतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं. नंतर कधीतरी मी म्हटलं, "अरे, मी आपलं सहज विचारलं होतं." तू म्हणालास, "सहज कोणी नाही विचारत बे." हा वाद आपण दर सहा महिन्यांनी उकरून काढायचो आणि अर्धवट सोडायचो. तो तसाच राहिला. आपण दोघंही संशयी होतो. फरक एवढाच, की तुझ्या संशयाला कारण होतं आणि माझा मला घरून फुकट मिळाला होता.

ग्रीन कार्ड आल्यावर तू मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलास, तेव्हाही मी संशयानेच आलो. पंचशील मानणारा माणूस, रोज सकाळी वंदना करणारा, आणि याला बंदूक कशाला हवी? तू म्हणालास, "कागदाला भोक पाडायचं, जिवाला नाही." ते तू शेवटपर्यंत पाळलंस. कागद आणि लोखंडाच्या चकत्या, बस. एकदा शेजारचा माणूस कावळ्यावर नेम धरायला लागला, तर तू सामान आवरून घरी निघालास. माझ्या आईला मात्र हे कधीच पटलं नाही. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं होतं, "सायलेन्सर खुनी लोक लावतात ना रे? तुझा तो मित्र नक्की काय करतो?" तू मागून ओरडलास, "काकू, मी टेस्टिंग करतो, सॉफ्टवेअरचं!"

तुला त्या आवाजाचा एवढा राग का होता, ते तू मला एकदाच सांगितलंस. तुझे बाबा नागपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात चाचणीच्या मैदानावर होते. कानात कापसाचे बोळे, एवढंच काय ते संरक्षण. पंचेचाळिशीत त्यांना ऐकू येईनासं झालं. घरातले आधी त्यांच्याशी ओरडून बोलायचे, मग कंटाळून बोलेनासे झाले. "बाबा नुसते हसायचे यार. कोणी काही बोललं की हसायचे. मी नापास झालो हे सांगितलं, तरी हसले." हे सांगताना तूही हसलास, आणि मग बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत बसलास. मला त्या दिवशी तुझ्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ठेवला नाही.

आणि मग सप्रेसर निवडण्यावरून आपण सहा आठवडे भांडलो. माझं म्हणणं, एकच मोठ्या भोकाचा घेऊ, टायटॅनियमचा, हलका, उद्या मोठी रायफल घेतली तरी चालेल. तू म्हणालास, आपण मारणार पॉइंट टू-टूच्या बारीक गोळ्या, तर त्यांच्याच मापाचा घ्यायचा. भोक मोठं म्हणजे आवाजही जास्त. शिवाय या छोट्या गोळ्यांचं शिसं आत थरावर थर चिकटतं, म्हणून पूर्ण उघडून साफ करता येईल असाच हवा. मोठ्या मापाचे बरेचसे कारखान्यातूनच बंद होऊन येतात. आतले तुकडे स्टीलचे, कारण ॲल्युमिनियम घासून घासून झिजतं आणि कडक द्रावणात घातलं की खराबच होतं. मला वाटलं, याला दुकानदाराने पढवलंय. एका शनिवारी मी गुपचूप जाऊन त्या दुकानदाराला भेटून आलो. तो म्हणाला, पढवलं कसलं, तुझ्या मित्रानेच मला दोन गोष्टी शिकवल्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

तुझं गॅरेज मला अजून दिसतं. वर्तमानपत्र पसरलेलं, दोघांच्या हातांत निळे हातमोजे, आणि तू एकेक वाटी क्रमाने काढून मांडतोयस. मी एकदा इंटरनेटवर वाचून आलो होतो, की व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवलं की शिसं आपोआप सुटतं. तू हातातला ब्रश खाली ठेवलास.

"सुटतं ना बे. अन् त्या पाण्यात विरघळून बसतं. नुसतं विष असते ते, कातडीतून आत जाते. कुठे ओतशील? संध्याच्या गुलाबात?"

मग परत घासत बसलो. साफ करायची वेळ झाली का, हे तू वजनावरून ठरवायचास. नवा असतानाचं वजन पहिल्या पानावर लिहिलेलं, एकशे बेचाळीस ग्रॅम. दहा-अकरा ग्रॅम वाढले, की तेवढं शिसं आत बसलं, आता उघडायचा. सुरुवातीला हे वजन तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर करायचास. वहिनींना एका दिवाळीत बेसन मोजताना ते कळलं. त्यांनी तो काटा उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला, त्यावर लाल चिकटपट्टी लावली आणि स्वतःसाठी दुसरा मागवला. त्या वर्षीचे लाडू मात्र मी खाल्ले नाहीत. तुला वाटलं मी डाएटवर आहे.

ते वजन ज्या वहीत जायचं, त्या वहीवरूनच हे सगळं लिहितोय. शाळेसारखी आखलेली वही, पाच रकाने. तारीख, गोळ्या, वजन, सफाई, सळई. जिथे लिहायला काही नसेल तिथे तू आडवी रेघ मारायचास. मोकळी जागा ठेवलेली तुला चालत नसे. "मोकळं ठेवलं की नंतर कोणीही काहीही भरते," म्हणायचास. ऑफिसातही तू असाच होतास.

सळईबद्दलही वाचणाऱ्यांना सांगायला हवं. सप्रेसर किंचित जरी तिरका बसला, तरी गोळी आतल्या वाटीला नाहीतर पुढच्या टोपीला घासते. म्हणून बसवून झाल्यावर, रायफल रिकामी करून, नळीमागचा सरकणारा बोल्ट काढून, नळीच्या मापाची एक सरळ स्टीलची सळई तोंडाकडून आत सरकवायची आणि समोरून बघायचं. भोकाच्या बरोबर मधोमध दिसली तर ठीक. एका बाजूला झुकलेली दिसली तर काढा, पुसा, परत बसवा. अर्ध्या मिनिटाचं काम. इथले लोक तिला रॉड म्हणतात, तू सळई म्हणायचास. ज्याने घातली त्याचं अक्षर रकान्यात यायचं. 'वि' म्हणजे तू. 'म' म्हणजे मी.

आता त्या दिवसाचं.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. तू कागद लावायला पुढे गेला होतास आणि मी इकडे सप्रेसर बसवत होतो. ओल होती, बोटं आखडली होती. नळीच्या आट्यांवर जी संरक्षक टोपी असते ती मी काढली. तिच्याखाली एक बारीक रबरी रिंग असते, तीही काढायची असते, नाहीतर सप्रेसर तिरका बसतो. ती मी काढली नाही. मला दिसलीच नाही. ठीक आहे, ती चूक. ती सळईने पकडली असती. सळई ज्या प्लास्टिकच्या नळकांड्यात असते ते माझ्या पुढ्यातल्या बॅगेत होतं. मी ते उघडलंच नाही. दहा वेळा घातली, दहा वेळा मधोमध दिसली, आता अकराव्यांदा काय वेगळं दिसणार. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, माझ्या स्वतःच्या हातांवर मात्र माझा पूर्ण विश्वास.

तू परत आलास, चटईवर पालथा झालास आणि विचारलंस, "सळई घातली?"

मी म्हटलं, "घातली."

तू लगेच गोळी झाडलीस. पत्र्यावर दगड आपटावा तसा आवाज झाला. सप्रेसरची पुढची टोपी एका कडेने फाटली होती आणि कागदावर भोक कुठेच नव्हतं. तुला काही लागलं नाही. तो तुकडा तुझ्या तोंडाकडे आला असता तर, हा विचार मी त्यानंतर किती वेळा केला ते मोजलं नाही. रेंजचा सुरक्षा अधिकारी धावत आला. सगळ्यांना थांबवलं. रायफल रिकामी आहे याची खात्री करून त्याने विचारलं, हे कुणी बसवलं?

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी. मीच बसवला."

मी तोंड उघडणार होतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. आता तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू? मी उघडणार नव्हतो.

परतताना गाडी तू चालवलीस. मी तुझ्याकडे तिरका बघत होतो. याने दोष अंगावर का घेतला? मला वाचवायला, की नंतर ऐकवायला? घरी पोचल्यावर वहिनींनी तर्री-पोहे केले होते. मी डोकं दुखतंय म्हणून निघून आलो. पुढे तू सप्रेसरच्या कंपनीला कळवलंस, त्यातही चूक आपली म्हणूनच लिहिलंस. त्यांनी टोपी बदलून, आतली शेवटची वाटी बदलून तो परत पाठवला. तू मला फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "नवा झाला." बाकी एक शब्द नाही.

त्या एका न आलेल्या शब्दाने मी दोन वर्षं पोखरून निघालो.

तुला आठवतं का, तू मध्येच विचारायचास, "ती रबरी रिंग निघाली होती का रे त्या दिवशी?" मी म्हणायचो, "बहुतेक." तू मान हलवायचास आणि चहा ओतायचास. आणखी दोन-तीन महिन्यांनी, "थंडी होती नाही त्या दिवशी? हात आखडतात." मी म्हणायचो, "हो ना." परत चहा. मला ती चौकशी वाटायची. हा मला घोळात घेतोय, कधीतरी जाळं ओढणार. वहिनी ताट वाढायला आल्या की मी त्यांचा चेहरा वाचायचो, यांना याने सांगितलंय की नाही. तुमची लेक अस्मी मला "हाय मंदारकाका" म्हणाली, तरी मला त्या 'हाय'मध्ये काहीतरी कमी वाटायचं. आणि रेंजवर पुढे दीड वर्ष तू मला ते नळकांडं दिलं नाहीस. "तू चहा ओत, हे मी बघतो," म्हणायचास. मी चहा ओतायचो आणि मनात म्हणायचो, याला माहीत आहे. घरी येईपर्यंत म्हणायचो, छे, याला कुठून माहीत असणार.

मागच्या हिवाळ्यात महिनाभर तुझा फोन नाही, मेसेज नाही. मी ठरवून टाकलं, झालं, आता याने तोडलं. मीही फोन केला नाही. माझाही मान आहे, वगैरे. नंतर कळलं, की तो महिना तुझा तपासण्यांमध्ये गेला होता. माफ कर, असं म्हणायलाही लाज वाटते मला.

मग या वसंतातला तो शनिवार. तू लोकरीची टोपी घालून घडीच्या खुर्चीत बसलेला, पँट कमरेवर राहत नव्हती. मी म्हटलं, नको आज, थंडी आहे. तू म्हणालास, "चार गोळ्या फक्त." मी सप्रेसर बसवला. मी थर्मास उचलायला वळलो, तर तू नळकांडं माझ्यापुढे धरलंस.

"आज तू घाल."

"मी?"

"मग काय, त्या कावळ्याला सांगू?"

तुला खरं सांगतो, विलास. मला वाटलं, परीक्षा आहे ही. आज हा माझ्या हातांवर डोळा ठेवणार. मी बोल्ट काढला, सळई घातली. बरोबर मधोमध होती. बाहेर काढून परत घातली. परत बघितलं. तुला नीट दिसावं म्हणून रायफलही थोडी वळवली. आणि मान वर केली, तर तू माझ्याकडे पाठ करून फरच्या झाडांकडे बघत चहा पीत होतास.

"झाली?" तू विचारलंस, न वळता.

"झाली."

तू आलास, सावकाश टेकलास, आणि स्वतः एकदाही न तपासता चार गोळ्या झाडल्यास. चारही कागदात. उठताना मी हात दिला, तो तू धरलास. परतीच्या वाटेवर मी हाच विचार करत होतो, की याने कपाच्या आडून बघितलं असणार.

परवा फोल्डरखाली वही सापडली. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, दुपारी लोक पांगले, आणि मी परत गॅरेजमध्ये जाऊन तुझ्या स्टुलावर बसलो. पहिली पानं नुसती चाळली. वि, म, वि, वि, म. मग तो ऑक्टोबर आला. तारीख आहे. गोळ्या: १. वजन: टोपी फाटली. सफाईच्या रकान्यात आडवी रेघ. सळईच्या रकान्यात काही नाही. रेघही नाही. मी पान खिडकीपाशी नेऊन बघितलं, खोडलंबिडलंय का. रकाना कोरा होता.

त्याच्या खाली मग वि. वि. वि. पानभर वि. दीड वर्ष. म्हणजे तुला माहीत होतं. माझा संशय खरा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा, खरा ठरल्याचं मला जरासुद्धा समाधान वाटलं नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "वहिनी, तो ऑक्टोबरमधला दिवस आठवतो? टोपी फाटली तो?"

"आठवते ना. त्या दिवशी यांची ती सळई घरीच राहिली होती. आदल्या दिवशी पुसून इथे कागदावर ठेवली अन् तशीच विसरले. नळकांडं तेवढं घेऊन गेले, रिकामं. तुम्ही डोकं दुखतंय म्हणून गेलात, अन् हे इथे येऊन ती हातात धरून बसले. पोहे गार झाले. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, काही नाही, मंदार सांगेल."

मी कप खाली ठेवला. मी जी सळई "घातली" म्हणालो होतो, ती त्या वेळी तुझ्या घरी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर पडलेली होती. आणि तुला हे त्याच दुपारी कळलं होतं. मी पोहे न खाता पळालो त्यानंतर, फार तर दहा मिनिटांत.

"वहिनी, मी ती घातली नव्हती."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. चिडून नाही, पण माझ्याकडे न बघता. "मला सांगून काय करता आता? ज्यांना सांगायचं ते दोन वर्षं बसले होते ऐकायला. मी म्हणायची, तुम्हीच विचारून टाका ना सरळ. तर म्हणे, सरळ विचारलं तर तो घाबरून पुन्हा खोटं बोलेल, मग त्याला दोन खोटी सांभाळावी लागतील."

रबरी रिंग निघाली होती का रे. थंडी होती नाही, हात आखडतात. प्रत्येक वेळी तू दार किलकिलं करून ठेवत होतास. मला वाटायचं, आत पोलीस बसलेत. तू चहा ओतून थांबायचास, आणि मी तो पिऊन उठून जायचो. मला तुझा राग येतो, विलास. एवढी सबुरी माणसाने ठेवू नये. एकदा कानाखाली वाजवली असतीस तर मी मोकळा झालो असतो आणि तुझ्या शेवटच्या महिन्यांत तुझ्याजवळ नीट बसलो असतो, चेहरे वाचत नाही.

निघताना वहिनींनी लाल पट्टीचा काटाही माझ्या हातात दिला. "हा पण न्या. मी काय यावर बेसन मोजणार आहे?" आणि दारात थांबून म्हणाल्या, "येत जा, भाऊ. डोकं दुखलं तरी येत जा."

आज रविवार. सकाळपासून मी माझ्या गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून बसलोय. तुझा सप्रेसर माझ्या तिजोरीत ठेवायच्या आधी तो साफ करावा म्हटलं. हातमोजे घातले. एकेक वाटी क्रमाने काढली, घासली, पुसली, त्याच क्रमाने परत बसवली. शेवटची वाटी बाकीच्यांपेक्षा थोडी कमी काळवंडलेली आहे, बदललेली ती. काट्यावर ठेवला. एकशे त्रेचाळीस. एक ग्रॅम कुठेतरी राहिलाय, तू असतास तर परत उघडायला लावला असतास.

वहीत नवी ओळ लिहायला म्हणून शेवटचं पान उघडलं. परवा गॅरेजमध्ये मी इथवर पोचलोच नव्हतो. त्या वसंतातल्या शनिवारची ओळ तिथे आहे. अक्षर थरथरलेलं आहे, रकान्याच्या रेघेबाहेर गेलंय. गोळ्या: ४. सळई: म.

त्यापुढे कंसात काही नाही, खूण नाही, तपासल्याची टीप नाही. नुसता म. म्हणजे तू खरंच झाडांकडे बघत होतास.

मी वही पुढ्यात ओढली. मग आजची ओळ लिहिली, गोळ्यांपुढे आडवी रेघ, सळईपुढे आडवी रेघ. आणि पानं मागे उलटत त्या ऑक्टोबरपाशी गेलो. आख्ख्या वहीत तू एकच चौकोन मोकळा ठेवला आहेस. ज्याला मोकळी जागा चालत नसे, त्याने. पेन हातात घेतल्यावर आधी मी, सवयीने, तू विसरला असशील का, हेही मनात घोळवून बघितलं. तू विसरणारा नव्हतास.

चौकोन लहान आहे, पण मावलं.

घातली नव्हती. म.